त्या दुपारी घड्याळ फक्त वेळ सांगत होतं

मला ऐकू येत नाही हे मी अजूनही चटकन कुणाला सांगत नाही. सांगितलं की समोरचा माणूस तोंड मोठं करून, ओठ ताणून बोलायला लागतो, आणि ओठ ताणले की मला काहीच वाचता येत नाही. जन्मापासून बहिरी असते तर गोष्ट वेगळी होती. माझे कान पस्तिशीनंतर गेले. टीबी झाला, साध्या गोळ्या लागू पडेनात, म्हणून कित्येक महिने इंजेक्शनं घेतली. टीबी बरा झाला. कानांत आधी एक बारीक शिट्टी सुरू झाली, मग माणसांचं बोलणं पुसट होत गेलं आणि वर्षभरात शब्द संपले. कानाला मशीन लावलं की आवाज येतो, शब्द येत नाही. पंखा, भांडी, गाडी, माणूस, सगळ्यांची एकच खरखर होते. मी मशीन कपाटात ठेवून दिलं आणि ओठ वाचायला शिकले.

शिकवलं ते माझ्या मिस्टरांनी. ते ऑटो चालवायचे, गोंदिया स्टेशनच्या स्टँडवर. बोलका माणूस. दिवसभरात ऑटोत कोण बसलं, कोण कुठल्या गाडीला चुकलं, कुणी मागच्या सीटवर बसून रडलं, हे सगळं रात्री जेवताना मला सांगायचे. माझे कान गेल्यावर पहिले काही दिवस ते गप्प झाले होते. मग एक दिवस मिशी उतरवून घरी आले. चोवीस-पंचवीस वर्षांची मिशी. मी बघतच राहिले, तर माझ्यासमोर पाट ओढून बसले आणि सावकाश म्हणाले, "आता दिसते का, मी काय बोलून राहिलो ते?" दिसत होतं. मिशीवाल्या माणसाचे ओठ मला आजही जमत नाहीत, कुठल्याच भाषेत. त्यांचे जमले.

मी शहरातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात परिचर आहे. पुस्तकं फळीवर लावायची, शिक्के मारायचे, परत आलेल्या पुस्तकांच्या चिठ्ठ्या काढायच्या. तिथे कुणी बोलायचं नसतंच. ग्रंथपाल सरांना भरघोस मिशी आहे, त्यामुळे आमचं सगळं बोलणं पुस्तकाच्या चिठ्ठीच्या पाठकोऱ्या बाजूवर चालतं. नोकरी निभत होती. घर फुलचूरला, स्कूटीने पंधरा मिनिटं.

तीन वर्षांपूर्वी मिस्टरांना लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एका सकाळी गेली. पाय पुढे थोडा परतला, काठी आणि माणूस धरून चार पावलं टाकता येऊ लागली. हात परतला नाही. बोलणं परतलं नाही, आणि तोंड उजवीकडे ओढलं गेलं ते गेलंच. त्यांना माझं सगळं ऐकू जातं, कळतं. पण त्यांच्या ओठांवर आता अक्षर उमटत नाही. ज्या एका तोंडाचं मला सगळं वाचता यायचं, नेमकं तेच पुसलं गेलं. डाव्या हाताने ते पाटीवर लिहितात. दोन शब्द लिहायला वेळ लागतो, आणि दमतात.

आमची लेक नागपूरला एका लॅबमध्ये कामाला आहे. दवाखान्यातून त्यांना घरी आणलं तेव्हा ती महिनाभर राहिली, आणि जायच्या आदल्या दिवशी तिने माझ्या मनगटावर हे घड्याळ बांधलं. स्मार्टवॉच. मी म्हटलं, मला कशाला हवं, वेळ काय फोनवरही दिसते. तिने बाबांच्या डाव्या हातात त्यांचा फोन दिला, त्यावर माझा फोटो मोठा करून ठेवला होता, आणि म्हणाली, "बाबा, दाबा." त्यांनी दाबलं. माझं मनगट थरारलं.

लेकीने खूण ठरवून दिली. एक फोन वाजून बंद झाला तर सगळं ठीक आहे. लागोपाठ दोन आले तर काहीतरी पाहिजे, घाईचं नाही. शेजारच्या वहिनींना मेसेज टाकायचा, त्यांच्याकडे किल्ली आहे. थांबतच नसेल तर मी निघायचं. माझा फोन पर्समध्ये असतो, पर्स टेबलाखाली. ग्रंथालयात फोन गप्पच ठेवावा लागतो, आणि तो गप्प नसला तरी मला त्याचा काय उपयोग? घड्याळ मात्र कातडीला सांगायचं.

त्यांना ते इतकं आवडलं की विचारू नका. साडेदहाला मी कॉलेजात पोचत नाही तोच एक थरार. वहिनींनी जेवण वाढलं की एक. चार वाजता चहा प्यायला की एक. कधीकधी उगीचच दोन यायचे, मी घाबरून वहिनींना मेसेज टाकायची, आणि त्या लिहायच्या, "काही नाही वो, हसून राहिले." ऑटोतल्या गोष्टी सांगणारा माणूस आता एवढ्यावरच बोलत होता. मला ते पुरत होतं. पुस्तकं लावता लावता मनगटाला थरार आला की माझा हात आपोआप फळीवर टेकायचा, आणि दुसरा येतो का म्हणून मी क्षणभर थांबायची.

घड्याळ जुनं होत गेलं तशी बॅटरी टिकेना. पहिल्या वर्षी दोन दिवस चालायचं. नंतर एक दिवस. मग संध्याकाळी पाचला घरी निघताना त्यावर लाल रेघ यायला लागली. लेकीने व्हिडिओवर दाखवून दाखवून एकेक गोष्ट बंद करायला लावली. हात उचलला की पडदा उजळायचा, ते बंद केलं. चोवीस तास नाडी मोजायचं, ते बंद केलं. पडद्याचा उजेड कमी केला. दर खेपेला तास-दोन तास वाढायचे आणि माझं काहीच अडायचं नाही. थरार येतच होता. त्यामुळे माझ्या डोक्यात एक पक्कं बसलं की बॅटरी वाचवायची म्हणजे नको ते बंद करायचं. कुणाला नको ते, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आदल्या संध्याकाळी वादळ झालं, तारा तुटल्या, आणि आमच्या भागातली लाईन रात्री गेली ती सकाळी उशिरा आली. घड्याळ अर्धंच चार्ज झालं होतं. त्याच दिवशी वहिनींना तिरोड्याकडे नात्यातल्या लग्नाला जायचं होतं. त्यांनी दोन दिवस आधीच सांगितलं होतं. मी मिस्टरांच्या खाटेजवळच्या स्टुलावर डबा ठेवला, पाण्याची बाटली ठेवली, कूलर भरला, फोन त्यांच्या डाव्या हाताशी दिला आणि म्हटलं, "आज वहिनी नाही आहेत. काहीही लागलं तर मलाच फोन करा. मी येते." त्यांनी मान हलवली. सुट्टी घ्यायला हवी होती. पण ग्रंथालयात पुस्तकांची वार्षिक मोजणी चालू होती आणि माझ्या सुट्ट्या त्यांच्या आजारपणात संपल्या होत्या. एकच दिवस तर होता.

आम्ही मागच्या खोलीत होतो, जुन्या पुस्तकांच्या फळ्यांत. सर नंबर बघत होते, मी पुस्तकं उतरवून देत होते. पर्स तिथेच खुर्चीला अडकवली होती. साडेअकराच्या सुमारास मनगट थरारलं. एकच. मी पाहिलं तर फोन नव्हता. घड्याळच मला विचारत होतं, बॅटरी कमी आहे, बचत चालू करू का? खाली 'हो' आणि 'नाही'. माझ्या हातात पाच-सहा जाड पुस्तकं होती, चष्म्यावर धूळ होती. मी हनुवटीने पुस्तकं दाबून धरली आणि बोटाने 'हो' दाबलं. मला वाटलं, चांगलं झालं, आता हे पाचपर्यंत टिकेल.

त्यानंतर मनगट शांत राहिलं.

ही शांतता मला जाणवली होती, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. लेकीलाही नाही. दीड वाजता सरांनी जेवायची सुट्टी केली तेव्हा माझ्या मनात आलं, साडेदहानंतर त्यांचा एकही थरार नाही. जेवल्यावर एक तरी यायला हवा होता. मी घड्याळाकडे बघितलं. बटण दाबल्यावर त्यावर मोठे आकडे आले, एक वाजून तेहेतीस मिनिटं. घड्याळ चालू होतं. मग मी असा विचार केला की त्यांना झोप लागली असेल, रात्री लाईन नव्हती, उकाड्याने जागेच होते. आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. एक दुपार कुणी मला बोलावत नव्हतं. मी डबा पूर्ण खाल्ला. लोणचंसुद्धा चवीने खाल्लं. त्या वेळी ते तासाभरापासून जमिनीवर पडलेले होते.

साडेपाचला मी घरी आले. दार उघडलं. खाटेवर कुणी नव्हतं. स्टुल आडवं झालं होतं, बाटली दाराजवळ घरंगळत आली होती. खाट आणि भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत ते अडकले होते, उजवा पाय अंगाखाली दुमडलेला, डोकं भिंतीला टेकलेलं. अंग तापलं होतं. बनियन आणि लुंगी ओली होऊन वाळली होती. कूलर त्यांच्या डोक्यावरून पलीकडे हवा फेकत होता. ते ओरडले असणारच, ओरडता येतं त्यांना, शब्द नसले तरी. पण त्या वेळी आमच्या गल्लीत प्रत्येक घराचं दार बंद असतं आणि प्रत्येक खिडकीत कूलर गरगरत असतो.

फोन त्यांच्या डाव्या हातात होता.

मी खाली बसले. मी काय बोलले, किती मोठ्याने बोलले, मला माहीत नाही; मला माझा आवाज कळत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे कोरडे होते. मग त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

मला एकटीला ते उचलेनात. खाट ओढली तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला की मी हात काढून घेतला. त्यांच्या स्टँडवरच्या एका जुन्या दोस्ताचा नंबर माझ्याकडे होता, त्याला मेसेज टाकला. तो दुसऱ्याला घेऊन आला. दोघांनी चादर खाली सारून त्यांना उचललं, मोठ्या ऑटोत आडवं केलं आणि दवाखान्यात नेलं. मी पुढे ड्रायव्हरच्या बाजूला अर्धी बसले होते, मान मागे वळवून. पूर्ण रस्ता त्यांनी डोळे उघडले नाहीत.

खुब्याचं हाड मोडलं होतं. तरुण डॉक्टर होते, मिशी नव्हती. मला त्यांचा प्रत्येक शब्द दिसला. "इतनी देर से क्यों लाए? घर में कोई नहीं था क्या?"

मी म्हटलं, "मैं बहरी हूं."

ते कागदावर लिहायला लागले. बहिरेपण हे त्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

लेकीला कळवायला मी व्हरांड्यात बसून पर्समधून फोन काढला, तेव्हा यादी दिसली. साडेदहाचा नेहमीचा सोडला तर एकतीस फोन. पहिला बारा वाजून दहा मिनिटांनी. मग दोन लागोपाठ. मग थोडं थांबून दोन. मग साडेबाराला न थांबता कितीतरी, आणि पुढे विरळ होत गेलेले. मी खाली सरकवत गेले. शेवटचा फोन तीन वाजून चाळीस मिनिटांनी. त्यानंतर काही नाही. मी साडेपाचला आले. म्हणजे जवळजवळ दोन तास फोन हातात धरून ते तिथे पडून होते आणि त्यांनी बटण दाबलं नव्हतं. त्यांचा फोन बंद पडला नव्हता, त्याची बॅटरी अर्ध्याहून जास्त होती. मी ती पाहिली. त्यांनी बोलावणं सोडून दिलं होतं.

लेक रात्रीच्या गाडीने आली. सकाळी बाबांना ऑपरेशनला नेल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली आणि माझा हात ओढून घड्याळ बघायला लागली. बराच वेळ बोटं फिरवत होती. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "आई, बचत तू चालू केली?"

"त्यानंच विचारलं. मी हो म्हटलं."

"आई, त्या मोडमध्ये ते फोन दाखवत नाही. मेसेज दाखवत नाही. थरारत नाही. काहीच करत नाही. फक्त टाइम दाखवते, आणि पावलं मोजते."

"मग विचारताना सांगायला नको?"

तिचा हात माझ्या मनगटावर होता. मग ती म्हणाली, "मी सांगायला पाहिजे होतं. मी एकेक बंद करून राहिली होती, हे एक राहून गेलं." आणि तोंड पदराआड करावं तसं तिने ओढणीत लपवलं, त्यामुळे पुढचं मला दिसलं नाही. मला रागवायला कुणीतरी हवं होतं. तिने स्वतःवर घेतलं, तर माझ्याजवळ काहीच उरलं नाही.

तिने ती बचत बंद केली आणि घड्याळ वॉर्डातल्या प्लगला लावून पूर्ण चार्ज केलं. त्या रात्री खालच्या मेडिकलमध्ये, तिथून रक्त आणायला, तिथून कागद आणायला मी इतक्या पायऱ्या चढउतार केल्या, की साडेनऊला मनगट थरारलं. मी धावतच वॉर्डात गेले. ते औषधाच्या गुंगीत होते, त्यांचा फोन लेकीकडे होता. घड्याळाने मला कळवलं होतं की आजची पावलं पूर्ण झाली, शाब्बास. वर फुगे उडत होते.

तीन आठवड्यांनी ते घरी आले. लेक आणखी आठ दिवस राहिली आणि गेली. वहिनींनी शपथ घेतल्यासारखं सांगितलं की आता त्या मला सांगितल्याशिवाय कुठे जाणार नाहीत. त्यांचं त्यात काय होतं? त्यांनी तर दोन दिवस आधी सांगितलं होतं. मी कामावर जायला लागले. घड्याळ रोज रात्री चार्जिंगला लावते, आणि ग्रंथालयातही दुपारी अर्धा तास वायर लावते. बॅटरीचा आकडा साठच्या खाली गेला की मी पुन्हा वायर शोधते. पहिल्या दिवशी साडेदहाला मी फळीला हात टेकून उभी राहिले. थरार आला नाही. जेवणाच्या वेळी आला नाही. चारला आला नाही.

मी पर्समधून फोन काढून पाहिला. एकही फोन आला नव्हता. घड्याळ तपासलं, बचत बंद होती. मी सरांना चिठ्ठीवर लिहून दिलं, "मला एक फोन लावाल का?" त्यांनी लावला. मनगट थरारलं. म्हणजे घड्याळ बरोबर होतं. मी वहिनींना मेसेज केला. त्यांनी कळवलं, "जेवले. पडून आहेत."

दुसऱ्या दिवशीही तेच. आठवडा तसाच गेला. मी दिवसातून तीन-चार वेळा सरांना फोन लावायला सांगू लागले. काही दिवसांनी मला नसलेले थरार जाणवायला लागले. पुस्तक उचलताना, स्कूटीच्या हँडलवर, भाजी चिरताना. दर वेळी बघायची, दर वेळी फोन नसायचा. सगळ्यात वाईट हे होतं की मनगट शांत असलं की आता त्याचा काहीच अर्थ लागत नव्हता. घड्याळ मुकं झालं की घरातला माणूस, हे कसं ओळखायचं? पूर्वी एका थरारानंतरची शांतता म्हणजे सगळं ठीक. आता ती काहीही असू शकत होती.

एक दिवस मला राहवेना. बारा वाजता सरांना विचारून मी घरी आले. वहिनी त्यांच्या घरात स्वयंपाक करत होत्या. मिस्टर खाटेवर होते, जागे. लुंगी ओली, खालची चादर ओली, वास येत होता. किती वेळ झाला असेल कोण जाणे. फोन उशीवर होता, हाताच्या अंतरावर. त्यांनी त्याला हात लावलेला नव्हता.

मी त्यांना पुसलं, कपडे बदलले, चादर ओढून काढली. ते छताकडे बघत होते. ओली चादर हातात घेऊन मी दारापर्यंत गेले आणि तिथून माझा बांध फुटला.

"काऊन नाई करत तुमी फोन? सांगा मले! कायले असे पडून राहता? मी मरून गेली का? घड्याळ बरोबर केलं म्हटलं ना मी? दहादा सांगितलं ना? एक बटन दाबाचं आहे, एक!"

मी किती ओरडत होते ते वहिनी दारात आल्यावर कळलं. त्यांच्या हाताला कणीक होती, मागे गल्लीतल्या दोघी-तिघी उभ्या होत्या. वहिनी म्हणाल्या, "बाई, हळू. ऐकू जाते त्याहिले." त्यांना सगळं ऐकू जातं, हे मला माहीत होतं. मीच तर एक होते, जिला काही ऐकू जात नव्हतं.

मी पाटी त्यांच्या छातीवर ठेवली आणि पेन्सिल डाव्या हातात कोंबली. ते लिहीनात. मी पेन्सिल पुन्हा दिली. खूप वेळाने त्यांनी लिहिलं. अक्षरं खाली उतरत गेली होती.

करून काय

प्रश्नचिन्हही नव्हतं. मी ते दोन शब्द पुसले नाहीत, पाटी तशीच भिंतीला टेकवून ठेवली, आणि परत कामावर गेले. अर्ध्या रस्त्यात स्कूटी बाजूला घेऊन रडले. मला वाटलं होतं ते माझ्यावर रागावलेत. राग असता तर मी पाय धरले असते. पण हा राग नव्हता. या माणसाने एकतीस वेळा मला हाक मारली होती आणि त्यातली एकही माझ्यापर्यंत आली नव्हती, आणि त्या जमिनीवर, तीन चाळीसच्या सुमारास, त्यांनी आपल्याशी काहीतरी ठरवून टाकलं होतं. घड्याळाचं सेटिंग बदलता येतं, लेकीने दोन मिनिटांत बदललं. हे मला बदलता येईना.

मी नोकरी सोडायचा विचार केला. अर्जही लिहिला. लेक म्हणाली, मग दोघं काय खाल? बरोबर होतं. तिने नवं घड्याळ पाठवते म्हटलं, मी नको म्हटलं. पूर्ण पावसाळा असा गेला. मी दुपारी घरी धावून यायची, कधी ते कोरडे असायचे, कधी ओले. कधी तहानलेले असायचे आणि पाणी हाताशी असायचं. डॉक्टर म्हणाले चालण्याचा सराव करा, ते करत नव्हते. वहिनी भात कालवून पुढे ठेवायच्या, चार घास खायचे, पुरे. मला भीती वाटायला लागली की एक दिवस मी येईन आणि ते खाटेवर नीट झोपलेले असतील, कपडे कोरडे, सगळं जागच्या जागी, आणि संपलेलं असेल. कुणाला न बोलावता.

शेवटी सरांनीच ते सुचवलं. मी त्यांना कधी घरचं सांगितलं नव्हतं, पण दिवसातून चार वेळा फोन लावून देणाऱ्या माणसाला कळतंच. त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं: 'ते करत नसतील तर तुम्ही करा.' मी लिहिलं, 'मला ऐकू येत नाही, त्यांना बोलता येत नाही.' त्यांनी खाली लिहिलं: 'उचलायचा कशाला? कापू द्या.'

त्या रात्री मी त्यांना सांगितलं. "तुमी मले बोलावू नका. मी तुमाले फोन लावीन, दर तासाले. तुमी फक्त कापा. कापला की मले समजते तुमी आहा. नाई कापला तर मी येतो म्हणून समजा. मी येईनच." त्यांनी मान हलवली नाही. पाटी मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला मी फोन लावला. फोन माझ्या तळहातावर होता, पडद्यावर नुसतं 'रिंग होत आहे'. पूर्ण वाजून बंद झाला. मी सरांकडे पाहिलं, त्यांनी दाराकडे हात केला. मी गाडी काढली, घरी गेले. ते जागे होते. मी म्हटलं, "आली." पाणी पाजलं आणि परत गेले. बारालाही तेच झालं, मी पुन्हा गेले. एकलाही. चारदा गेले त्या दिवशी. पेट्रोलचा काटा, कॉलेजच्या फाटकातला माणूस, ग्रंथालयात रांगेत उभी असलेली मुलं, सगळे माझ्याकडे बघत होते. मी हे किती दिवस करू शकणार होते? सरांनीही ते किती दिवस चालवून घेतलं असतं?

सहा दिवस केलं. सातव्या दिवशी बाराचा फोन तिसऱ्या रिंगला तुटला. मला वाटलं रेंज गेली. पुन्हा लावला. लगेच तुटला. मी पुस्तकांच्या टेबलाशी बसले, एक वाजायची वाट बघत.

आता दिवाळी होऊन गेली आहे. ते स्वतःहून आजही फोन करत नाहीत. एकदाही केलेला नाही. घड्याळ मी बांधते, कारण लेकीचे मेसेज येतात, पण त्याची वाट बघणं सोडलं आहे. ते बहुतेक वेळा फोन कापतात. काही दिवस कापत नाहीत. त्या दिवशी मी जाते, आणि बहुतेक वेळा ते नुसते छताकडे बघत असतात. डॉक्टरांनी डोक्याच्या गोळ्याही सुरू केल्या आहेत. बरे होतील म्हणतात.

काल दुपारी एकचा फोन पूर्ण वाजला. मी पुन्हा लावला, तोही वाजत राहिला. तीन दिवस ते नीट कापत होते, त्यामुळे मी सरांना विचारून लगेच निघाले. गाडी कशी चालवली आठवत नाही. घरात शिरले तर खाट रिकामी. मी मागच्या दाराकडे धावले.

वहिनींनी त्यांना अंगणात उन्हाला खुर्चीवर बसवलं होतं आणि स्वतः नळावर गेल्या होत्या. फोन आत खाटेवर राहिला होता. ते खुर्चीत नव्हते. दाराच्या चौकटीला डाव्या हाताने धरून उभे होते, एक पाय उंबरठ्याच्या आत, एक बाहेर, पाय थरथरत होते, चेहरा लाल झाला होता आणि मानेच्या शिरा ताठल्या होत्या. फोन वाजताना ऐकून ते त्याच्यापर्यंत यायला निघाले होते. मी दोन्ही हातांनी त्यांना कमरेला धरलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि वाकड्या तोंडाने काहीतरी म्हणाले, रागाने, लांबलचक. एकही अक्षर मला कळलं नाही. खाटेकडे मान हलवून हलवून ते बोलतच होते. फोन बाहेर का ठेवला नाही, असंच काहीतरी असावं.

मी त्यांना हळूहळू खाली बसवलं, तिथेच, उंबरठ्यावर. फोन आणून मांडीवर दिला. वहिनी घागर घेऊन आल्या आणि कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या. दोघींनी मिळून त्यांना आत नेलं, पाय चोळले.

सरांनी तासाभराची परवानगी दिली होती. मी परत पोचले तेव्हा दोनला पाच कमी होते. मी फोन बाहेर काढून टेबलावर ठेवला, आणि दोन वाजले की लावला.

दुसऱ्या रिंगला तुटला.